बेसची वाट कोणाची? चेंडू हाती नसताना बेस अडवणाऱ्या क्षेत्ररक्षकाविषयी

सर, इतर वाचणाऱ्यांना संदर्भ राहावा म्हणून आपल्या प्रश्नाचा गोषवारा आधी देतो. आपल्या शाळेच्या १७ वर्षांखालील मुलांचा बेसबॉलचा सामना तालुक्याच्या ठिकाणी होता. आपला धावक पहिल्या बेसवरून दुसरा बेस चोरायला, म्हणजे चेंडू मारला जाण्याची वाट न पाहता धावून गाठायला, निघाला. समोरच्या संघाचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक) बेसवर आला आणि कॅचरची (फलंदाजामागे बसून चेंडू घेणाऱ्याची) फेक अजून वाटेत असतानाच त्याने डावा गुडघा बेसच्या पुढे, पहिल्या बेसच्या बाजूला, जमिनीला टेकवला. आपला मुलगा हात पुढे करून घसरला, त्याचा हात बेसऐवजी त्या गुडघ्यावर आदळला, मनगट मुरगळले आणि त्यानंतर चेंडू येऊन त्याला टॅग झाला, म्हणजे चेंडू धरलेला हात त्याला लागला. पंचांनी त्याला बाद दिले. आपण विचारणा केली तेव्हा ‘त्याने मुद्दाम अडवले नाही’ असे उत्तर मिळाले. हा निर्णय बरोबर होता का, नियम कडकपणे लावला तर क्षेत्ररक्षकावर अन्याय होत नाही का, आणि समोरचे संघ अडवणारच असतील तर आपल्या धावकांना धडक द्यायला शिकवावे का, असे आपण विचारले आहे.

निर्णय चुकीचा होता आणि धडक शिकवू नये. या दोन्ही उत्तरांबद्दल माझ्या मनात शंका नाही. मधला प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि त्याला थोडा वेळ द्यावा लागेल. मी यवतमाळ जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून २६ वर्षे काढली, त्यांतील बहुतेक वर्षे सॉफ्टबॉल आणि बेसबॉल या दोन्ही खेळांत पंच म्हणून उभा राहिलो आणि या नियमाच्या दोन्ही बाजूंनी चुका केल्या आहेत, तेव्हा हे उत्तर निव्वळ नियमपुस्तकातून आलेले नाही.

बेसबॉलच्या अधिकृत नियमांत अडवणुकीची, म्हणजे ज्याला आपण मैदानावर ऑब्स्ट्रक्शन म्हणतो त्याची, व्याख्या छोटी आहे. ज्या क्षेत्ररक्षकाच्या हाती चेंडू नाही आणि जो चेंडू अडवण्याच्या किंवा घेण्याच्या क्रियेतही नाही, त्याने धावकाच्या वाटचालीत अडथळा आणला तर ती अडवणूक होते. या व्याख्येत हेतूचा उल्लेख कोठेही नाही. ‘मुद्दाम’ हा शब्द आपल्या पंचांनी स्वतःच्या मनातून आणला. सद्हेतूने का होईना, वाट बंद झाली की झाली. आपल्याकडे पांदण रस्त्यावर कोणी बैलगाडी सोडून ठेवली आणि मागच्या शेतातला कापूस अडकला, तर गाडीवाल्याच्या मनात काय होते याची चौकशी करत कोणी बसत नाही, आधी गाडी बाजूला काढायला लावतात. नियमाची दृष्टीही तशीच आहे.

हेतू मोजायचा नसतो याचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१३च्या वर्ल्ड सिरीजचे, म्हणजे मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या अंतिम मालिकेचे, आहे. सेंट लुईस येथे २६ ऑक्टोबर रोजी झालेल्या तिसऱ्या सामन्यात नवव्या डावाच्या उत्तरार्धात ४-४ अशी बरोबरी होती. बॉस्टनचा कॅचर साल्टालामाकिया याने होम प्लेटवर, म्हणजे फलंदाज उभा राहतो आणि धाव पूर्ण होते त्या बेसवर, एक गडी बाद केला आणि लगेच तिसऱ्या बेसकडे फेक केली. ती फेक तिसऱ्या बेसवरच्या मिडलब्रुक्सला सापडली नाही. तो चेंडूसाठी झेपावून पालथा पडला आणि सेंट लुईसचा धावक ॲलन क्रेग होमकडे निघताना त्याच्या अंगावर अडखळला. चेंडू मागून परत आला, क्रेगला होमवर टॅगही झाला. परंतु तिसऱ्या बेसचे पंच जिम जॉइस यांनी अडवणूक घडली त्याच क्षणी ती दाखवून दिली होती, म्हणून होम प्लेटच्या पंचांनी धाव मान्य केली आणि सामना ५-४ असा संपला. मिडलब्रुक्सचा काय दोष, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी केला. नियमपुस्तकातील टिप्पणी मात्र नेमके हेच उदाहरण देते, की क्षेत्ररक्षक चेंडूसाठी झेपावला, चेंडू निसटून गेला आणि तो तसाच पडून राहिल्यामुळे धावकाला विलंब झाला, तर ती बहुधा अडवणूकच असते. चेंडू निसटला त्या क्षणी ‘चेंडू घेण्याच्या क्रियेत’ असण्याचे संरक्षण संपते.

खरा वाद याच शब्दांपाशी आहे. बॅटने मारलेल्या चेंडूच्या बाबतीत गोंधळ नाही, कारण तेथे क्षेत्ररक्षकाचा हक्क आधी असतो आणि धावकाने त्याला टाळून जायचे असते. टाळले नाही तर धावक बाद. आपली मुले हा भाग पटकन शिकतात. फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत मात्र अधिकृत नियमांची टिप्पणी असे म्हणते, की चेंडू हवेत असेल, थेट क्षेत्ररक्षकाकडे येत असेल आणि इतका जवळ आला असेल की तो घेण्यासाठी त्याला त्या जागी उभे राहणे भागच आहे, तर तो चेंडू घेण्याच्या क्रियेत आहे असे मानता येईल, आणि ते ठरवणे सर्वस्वी पंचाच्या निर्णयावर आहे. ‘जवळ’ म्हणजे किती, हे कोठेही लिहिलेले नाही. बेसवर गुडघा टेकवणारा प्रत्येक शॉर्टस्टॉप या एका शब्दाच्या आडोशाला उभा असतो.

आता आपल्या सामन्यातील त्या अर्ध्या सेकंदाकडे जवळून पाहू. होम प्लेटपासून दुसरा बेस सुमारे ३८.८ मीटरवर असतो. शाळकरी कॅचरची चांगली फेक सेकंदाला २२ मीटरच्या आसपास जाते असे धरू आणि धावक सेकंदाला सात मीटर पळतो असे धरू. घसरण्याचा निर्णय बेसच्या साधारण तीन मीटर आधी घ्यावा लागतो, कारण त्यानंतर शरीर खाली टाकले तर घसरण बेसवर न संपता बेसच्या पलीकडे जाते. तीन मीटर म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. त्या क्षणी चेंडू अजून नऊ-दहा मीटर दूर, म्हणजे पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) माऊंड ओलांडून दुसऱ्या बेसच्या साधारण निम्म्या वाटेवर असतो. मुलाने शरीर जमिनीवर टाकले की त्याच्या हाती काही उरत नाही, ना तो वळू शकतो, ना थांबू शकतो. त्यानंतर कोणी वाटेत गुडघा ठेवला तर तो टाळण्याचा कोणताही मार्ग त्याच्याकडे नसतो. चेंडू ‘जवळ’ आला होता असे पंच जेव्हा म्हणतात, तेव्हा ते बहुतेक वेळा टॅगच्या क्षणाचे चित्र आठवून बोलत असतात. प्रत्यक्षात पाहायला हवा तो धावक खाली बसला तो क्षण.

दुसरी गोष्ट अशी, की चेंडू जवळ आला होता असे मान्य केले तरी प्रश्न संपत नाही. टिप्पणीतील अट दुहेरी आहे, चेंडू जवळ हवा आणि तो घेण्यासाठी ती जागा आवश्यक हवी. कॅचरची फेक माऊंडवरून सरळ येते आणि धावक पहिल्या बेसकडून येतो. फेक सरळ असताना पहिल्या बेसच्या बाजूला गुडघा टेकवून चेंडू घेण्याला काहीही मदत होत नाही. त्याची मदत फक्त वाट बंद करण्यास होते. म्हणून आपल्या सामन्यातील शॉर्टस्टॉपला मी सर्वांत उदार वाचनानेही सोडले नसते. मेजर लीगमध्येही ही सवय इतकी बोकाळली होती की २०२४च्या हंगामापूर्वी अशा अडवणुकीवर पंच अधिक कडकपणे कारवाई करतील, अशी सूचना संघांना देण्यात आली. नियमाची भाषा तीच राहिली, फक्त अंमलबजावणी बदलली. यावरून मुळात दुखणे कोठे होते ते दिसते.

त्या खेळीत धावकाला बाद करण्याचा प्रयत्न चालू होता, त्यामुळे चेंडू तेथेच मृत व्हायला हवा होता. पंचाने दोन्ही हात वर करून ‘टाइम’ द्यावा, आणि धावकाला शेवटी स्पर्श केलेल्या बेसच्या पुढचा किमान एक बेस द्यावा, असा नियम आहे. म्हणजे आपला मुलगा दुसऱ्या बेसवर सुरक्षित. धावकावर खेळी चालू नसताना अडवणूक झाली, उदाहरणार्थ चेंडू आउटफिल्डमध्ये असताना पहिल्या बेसवाल्याने वळणावर वाट अडवली, तर पंचाने बोट दाखवून अडवणूक जाहीर करायची, खेळ पूर्ण होऊ द्यायचा आणि मग अडवणुकीने झालेले नुकसान भरून निघेल असा निर्णय द्यायचा. त्या दुसऱ्या प्रकारात धावक त्याच्या वाट्याला आला असता त्या बेसच्याही पुढे गेला, तर तो स्वतःच्या जोखमीवर गेलेला असतो.

आपल्यासारख्या शाळांतून सॉफ्टबॉल आणि बेसबॉल एकच शिक्षक शिकवतो, म्हणून येथे एक सावधगिरी सांगतो. सॉफ्टबॉलमध्ये पंच डावा हात आडवा करून मूठ दाखवतो, खेळ लगेच थांबत नाही, आणि अडवला गेलेला धावक ज्या दोन बेसच्या दरम्यान अडवला गेला त्यांच्या दरम्यान बाद होऊ शकत नाही. तेथे त्याला अडवणूक नसती तर तो जेथे पोहोचला असता तो बेस मिळतो, मग तो मागचा का असेना. बेसबॉलमधील ‘किमान एक बेस पुढे’ ही तरतूद सॉफ्टबॉलची सवय असलेल्यांना पचत नाही. तालुका पातळीवरचे निम्मे वाद या सरमिसळीतून होतात, असा माझा अनुभव आहे.

आणि न्यायाचा विचार करायचा तर ही ‘किमान एक बेस’ची तरतूदच सर्वांत आधी तपासली पाहिजे, कारण ती सकृद्दर्शनी अन्यायकारक वाटते. पहिल्या बेसवरचा धावक थोडा पुढे सरकलेला आहे, पिचरने अचानक पहिल्या बेसकडे फेक केली, धावक झेप घेऊन परत येतो आहे, आणि पहिल्या बेसवाल्याने चेंडू येण्याआधीच गुडघ्याने बेस झाकला. धावक मागे येत होता, पुढे जाण्याचा त्याचा विचारही नव्हता. तरी नियमानुसार त्याला दुसरा बेस मिळतो. माझ्या मुलांना मी हे प्रथम सांगितले तेव्हा त्यांना ते पटले नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही पहिली काही वर्षे ते पटत नव्हते. नुकसान भरून काढायचे तर पहिला बेस देऊन विषय संपवावा, एवढेच माझे म्हणणे असे.

पुढे पंच म्हणून उभे राहिल्यावर ध्यानात आले, की तसे केले तर पहिल्या बेसवाल्याचे अडवण्यात काहीच जात नाही. पकडले नाही गेले तर एक गडी बाद, पकडले गेले तर धावक होता तेथेच. असा व्यवहार ज्याला दिसेल तो प्रत्येक वेळी गुडघा टेकवेल. अडवणूक तोट्याची झाल्याशिवाय ती थांबत नाही, म्हणून येथे नियम भरपाईच्या थोडा पुढे जातो. क्रिकेटमध्येही हे तत्त्व आहेच. फलंदाजाची मुद्दाम दिशाभूल किंवा अडवणूक केली तर क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाविरुद्ध पाच धावा दिल्या जातात आणि हातात चेंडू नसताना फेकण्याचे सोंग करणेही २०१७पासून त्यात मोडते. आपल्या मुलांना बेसबॉलमधले पटले नाही तरी या पाच धावा चटकन पटतात, तेव्हा समजावताना तेथून सुरुवात करावी.

आता क्षेत्ररक्षकाची खरी तक्रार. वाकडी फेक. फेक सरळ आली असती तर तो बेसच्या मागे, वाट सोडून उभा होता, परंतु कॅचरची फेक पहिल्या बेसच्या बाजूला गेली आणि ती घेण्यासाठी तो धावकाच्या वाटेत खेचला गेला. मोठ्यांच्या अधिकृत नियमांत अशा क्षेत्ररक्षकाला संरक्षण आहे आणि २०१४मध्ये आलेल्या होम प्लेटच्या नियमातही फेकीच्या दिशेमुळे वाटेत आलेल्या कॅचरला दोषी धरले जात नाही. लहान मुलांच्या लिटल लीगच्या नियमांत मात्र असे संरक्षण नाही. चेंडू हाती नाही आणि धावक अडला, की अडवणूक. अमेरिकेतील शालेय नियमही चेंडू हाती नसताना धावकाला बेसपर्यंत वाट मोकळी ठेवण्याची सक्ती करतात. वाकड्या फेकीने खेचला गेलेला मुलगा या कडक वाचनात निर्दोष असूनही त्याच्या संघाला बेस गमवावा लागतो, ही आपली हरकत रास्त आहे.

तरीही शालेय मैदानावर मी कडक वाचनाच्याच बाजूने आहे. अडवणुकीची शिक्षा त्या मुलाला होत नाही, त्याला कोणी मैदानाबाहेर काढत नाही, फक्त धावकाचा बेस परत केला जातो. वाकड्या फेकीचा तोटा कोणाला तरी सोसावाच लागणार. तो फेक करणाऱ्या संघाने सोसावा, की ज्याने काहीच चूक केली नाही त्या धावकाने, असा प्रश्न मांडला की उत्तर आपोआप येते. दुसरे कारण पंचांचे आहे. चेंडू कितपत जवळ होता, जागा आवश्यक होती का, हे चार पंच आणि चित्रफितीचा आधार असलेल्या ठिकाणी ठरवता येते. आपल्याकडे बहुतेक सामन्यांत एक पंच होमच्या मागे आणि दुसरा आतल्या मैदानात असतो, तो दुसराही दुसऱ्याच शाळेचा शिक्षक असतो आणि सकाळपासूनचा त्याचा तो तिसरा सामना असतो. एवढा बारीक निर्णय त्याच्यावर टाकण्यापेक्षा ‘चेंडू हाती होता की नव्हता’ एवढाच प्रश्न त्याच्यापुढे ठेवावा, त्याचे उत्तर त्याला देता येते.

सुरक्षिततेचा भाग मी न्यायापेक्षा वेगळा मानत नाही, पण तो स्वतंत्रपणे सांगायला हवा, कारण त्याची किंमत मी पाहिली आहे. सुमारे १५ वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या शॉर्टस्टॉपना ‘गुडघा टाक, दार लाव’ असे शिकवत असे. सराव सामन्यात, म्हणजे आमचीच मुले आमच्याच मुलांविरुद्ध खेळत असताना, धावकाचा उजवा हात एका गुडघ्याखालच्या नळीच्या हाडावर आदळला आणि अनामिका व करंगळीच्या मागचे हाड मोडले. दिवाळीच्या तोंडावर, कापसाचा पहिला वेचा सुरू असतानाची गोष्ट. प्लास्टर घालून मी त्याला घरी सोडायला गेलो तेव्हा त्याच्या आईने मला दोष दिला नाही, चहा ठेवला आणि एवढेच विचारले, ‘सर, आता हा वेचाले कसा येईन?’ चेंडू त्या वेळी माझ्या शॉर्टस्टॉपच्या हातात नव्हता. मी शिकवल्याप्रमाणेच तो बसला होता.

मुलांना हे आकर्षण का वाटते याचे एक कारण आपल्या मातीतच आहे. आपली मुले कबड्डीवर वाढतात, तेथे चढाई करणाऱ्याला पकडून ठेवणे हेच शौर्य. आट्यापाट्यांत तर अडवणे हाच खेळ. पण आट्यापाट्यांतील अडवणारा आपल्या पाटीला बांधलेला असतो. पाटी सोडून तो कोठेही पसरू शकत नाही आणि पळणाऱ्याला हुलकावणी द्यायला मोकळी जागा असते. बेसबॉलचा धावक तीन फूट डावी-उजवीकडे सोडले तर टॅग चुकवायला सरकू शकत नाही. ज्याच्या वाटेची रुंदी ठरवून दिली आहे, त्याच वाटेवर दुसऱ्याला आडवे पडू देणे हे आट्यापाट्यांच्या न्यायानेही बसत नाही. मी मुलांना हे याच शब्दांत सांगतो आणि ते त्यांना नियमपुस्तकापेक्षा लवकर कळते.

धडक शिकवावी का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर मेजर लीगच्या इतिहासात आहे. १९७०च्या ऑल-स्टार सामन्यात पीट रोझने होम प्लेटवर रे फॉसीला उडवले तेव्हा त्याचे कौतुकही झाले होते. २५ मे २०११ रोजी बस्टर पोझी या कॅचरवर स्कॉट कझिन्स आदळला, पोझीच्या पायाचे हाड मोडले, घोट्याचे स्नायुबंध फाटले आणि त्याचा तो हंगाम संपला. त्या वेळच्या नियमांत ती धडक वैध होती. २०१४मध्ये नियम आला तो दोन्ही बाजूंना बांधणारा होता. चेंडू नसताना कॅचरने होमची वाट अडवायची नाही आणि धावकाने सरळ वाट सोडून कॅचरवर जायचे नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर २०१५मध्ये, चेस अटलीच्या उशिरा घेतलेल्या घसरणीने रुबेन तेहाडा या शॉर्टस्टॉपच्या पायाचे हाड मोडले, आणि २०१६पासून दुहेरी बळी (एकाच खेळीत दोन गडी बाद) रोखण्यासाठीच्या घसरणीवरही मर्यादा आल्या. तेव्हापासून धावकाने बेसच्या आधी जमिनीला टेकले पाहिजे, बेसपर्यंत हात किंवा पाय पोहोचवण्याचा आणि बेसवर टिकण्याचा प्रयत्न केला पाहिजे आणि क्षेत्ररक्षकाला गाठण्यासाठी वाट बदलता कामा नये. आधी कॅचर, मग शॉर्टस्टॉप. दोन्ही वेळा हाड मोडले ते क्षेत्ररक्षकाचे. ‘ते अडवतात म्हणून आपण आदळू’ या हिशेबात उद्या आपलाच शॉर्टस्टॉप दवाखान्यात असेल. शिवाय चेंडू हाती असलेल्या क्षेत्ररक्षकाला वाट बंद करण्याचा पूर्ण हक्क आहे. त्या वेळी धावकाने घसरावे, वळसा घ्यावा किंवा बाद व्हावे.

मग क्षेत्ररक्षकाने उभे कोठे राहावे? दुसऱ्या बेसवर चोरीची फेक घेताना मी मुलांना बेसच्या दोन बाजूंना दोन पाय ठेवायला लावतो, पहिल्या बेसकडची कड पूर्ण उघडी. चेंडू ग्लव्हमध्ये आला की हात सरळ खाली, बेसच्या पुढच्या कडेशी. धावक स्वतः येऊन ग्लव्हवर पडतो, त्याला शोधायला जावे लागत नाही. गुडघा टेकवणाऱ्यापेक्षा हा टॅग लवकर होतो, कारण टेकलेल्या गुडघ्याने वाकडी फेक घ्यायला उठताच येत नाही. अडवणारा शॉर्टस्टॉप अर्ध्या फेकी सोडतो, हे माझ्या मुलांना पटवायला एक संध्याकाळ पुरली. कॅचरने होम प्लेटच्या पुढे, फेअर भागात, म्हणजे मैदानाच्या रेषांच्या आत, उभे राहावे आणि डावा पाय प्लेटच्या पुढच्या कोपऱ्याशी ठेवावा, म्हणजे तिसऱ्या बेसकडून येणाऱ्याला प्लेटचा मागचा भाग दिसत राहतो. चेंडू हाती आल्यावर मात्र त्याने खुशाल वाट बंद करावी.

धावकांना, निदान आठवी-नववीपर्यंत, पाय पुढे करूनच घसरायला शिकवा. लिटल लीगमध्ये बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना पुढच्या बेसकडे डोके पुढे करून घसरण्यास मनाई आहे आणि ती उगाच नाही. सराव कोरड्या काळ्या मातीवर करू नका. पावसाळा ओसरल्यावर तिची ढेकळे अशी काही वाळतात की मांडी सोलवटून निघते आणि त्या मुलाला पुन्हा घसरण्याची भीती बसते. भीती बसलेला मुलगा अर्धवट घसरतो आणि अर्धवट घसरणच घोटा मोडते. आम्ही गव्हाच्या कुटाराचा जाड थर पसरून वर जुनी ताडपत्री ओढतो आणि बादलीभर पाणी शिंपडतो. मुले संध्याकाळपर्यंत थांबायला तयार नसतात.

बेसकडेही पाहा. अनेक ठिकाणी बारदान्याच्या पोत्यात वाळू ठासून भरून तो बेस म्हणून ठेवतात, काही ठिकाणी त्याला लोखंडी खुंट्याही मारतात. त्यावर घसरणाऱ्याचा पाय अडकला की अडवणूक न होताही दुखापत होते. अमेरिकेत १९८८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मिशिगनमधील हौशी सॉफ्टबॉलच्या सहाशेहून अधिक सामन्यांत पक्क्या बसवलेल्या बेसवर घसरताना ४५ दुखापती नोंदल्या गेल्या, आणि जवळपास तेवढ्याच सामन्यांत धक्क्याने निघून येणाऱ्या बेसवर अवघ्या दोन. तसे बेस आपल्याला परवडत नाहीत, पण ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपमधून ३८ सेंटीमीटरचा चौकोन कापून टाकला तर पाय त्यावरून सरकतो. मेजर लीगने २०२३मध्ये बेसची बाजू ३८वरून ४६ सेंटीमीटर केली, त्यामागेही क्षेत्ररक्षक आणि धावक दोघांना जागा मिळावी हा विचार होता. आपण कापतच असाल तर ४६चाच कापा, मात्र आपल्या स्पर्धेच्या संयोजकांची मान्यता आधी घ्या.

राहिला आपल्या सामन्याचा निकाल. पंचाने काय पाहिले यावर हरकत घेता येत नाही, त्याने नियम चुकीचा लावला असेल तर घेता येते, असे बहुतेक स्पर्धांचे सूत्र असते. ‘चेंडू जवळ होता’ असे पंच म्हणाले असते तर आपण काही करू शकला नसता. ‘मुद्दाम नव्हते’ असे ते म्हणाले, म्हणजे नियमात नसलेली अट त्यांनी लावली. त्याच क्षणी, पुढचा चेंडू टाकला जाण्याआधी, शांतपणे जाऊन ‘सर, अडवणुकीला हेतू लागतो असे आपण मानता का?’ एवढे विचारायला हवे होते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा प्रश्न अशा स्पर्धांशी जोडलेला असल्यामुळे पालक तापलेले असतात, त्यांना मैदानाच्या बाहेर ठेवून कर्णधार आणि शिक्षक एवढेच पुढे जा.

आता निकाल बदलणार नाही. पण पुढच्या स्पर्धेत नाणेफेकीच्या वेळी दोन्ही कर्णधार आणि पंच एकत्र असताना चेंडू हाती नसताना बेस अडवला तर अडवणूक धरली जाईल, हे पंचांच्या तोंडून वदवून घ्या. मी पंच असतो तेव्हा चुन्याच्या फक्कीने बेसजवळ हातभर लांब एक रेघ ओढतो, धावक येतो त्या बाजूला, आणि दोन्ही शॉर्टस्टॉपना जवळ बोलावून सांगतो की चेंडू येईपर्यंत या रेघेवर पाय नको. नियमात ती रेघ नाही, कोणी विचारले तर मी तसे सांगतोही. पहिल्या दोन डावांत ती पुसली जाते, तोवर त्यांचे पाय तिच्या बाहेर राहायला शिकलेले असतात.

मुलाच्या मनगटाचा एक्स-रे फोटो काढून घेतला नसेल तर घ्या. मुरगळले म्हणून सोडून दिलेल्या मनगटात अंगठ्याच्या बुडाशी, दाबल्यावर दुखत असेल तर, बारीक हाड मोडलेले असू शकते आणि पहिल्या फोटोत ते कधीकधी दिसत नाही. दहा-बारा दिवसांनी दुखणे तसेच असेल तर पुन्हा दाखवा, तोवर त्याला फेक करू देऊ नका.